मँटेल प्रकरण : एका दुपारचे दोन प्रश्न

७ जानेवारी १९४८. अमेरिकेच्या केंटकी राज्यातला फोर्ट नॉक्स हा लष्करी तळ आणि त्याला लागून असलेला गॉडमन विमानतळ. दुपारी सव्वा वाजून गेल्यावर लष्करी पोलिसांकडून टॉवरला निरोप आला : मेझव्हिल गावावर आकाशात काहीतरी विचित्र दिसतंय, असं महामार्ग पोलिस कळवतायत. पाठोपाठ ओवेन्सबरो आणि अर्व्हिंग्टनहून तशाच खबरा आल्या. वस्तू गोल आहे, अडीचशे-तीनशे फूट व्यासाची असावी, पश्चिमेकडे सरकतेय. पावणेदोनच्या सुमारास ती टॉवरमधल्या लोकांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसली. तळाचे प्रमुख कर्नल गाय हिक्स वर आले, त्यांनी दुर्बीण लावली. तिथल्या अधिकाऱ्यांच्या जबान्यांमध्ये कुणी तिला छत्रीची उपमा दिली, कुणी पॅराशूटची, तर कुणी आइस्क्रीमच्या कोनाची. पांढरी, मधूनच कडेला लालसर छटा असलेली. हिक्स यांच्या अंदाजाने तिचा आकार पूर्ण चंद्राच्या पाव भागाएवढा होता आणि जवळपास दीड तास ती जागची हललेली वाटली नाही.

हे वर्णन नीट लक्षात ठेवावं, कारण पुढे चार वर्षं तपास त्याच्याभोवती फिरत राहिला.

साधारण पावणेतीनच्या सुमारास केंटकी एअर नॅशनल गार्डची, म्हणजे राज्याच्या राखीव हवाई दलाची, चार एफ-५१ मस्टँग लढाऊ विमानं जॉर्जियातल्या मॅरिएटाहून लुईव्हिलच्या स्टँडिफर्ड विमानतळाकडे परतत असताना गॉडमनवरून चालली होती. तुकडीचे प्रमुख होते २५ वर्षांचे कॅप्टन थॉमस मँटेल. टॉवरने विचारलं, इंधन पुरत असेल तर जरा बघून येता का? एक विमान ठरल्याप्रमाणे स्टँडिफर्डला गेलं. उरलेल्या तिघांनी नैर्ऋत्येच्या अंगाने दक्षिणेकडे वळून चढायला सुरुवात केली.

मँटेल नवखे नव्हते. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या मोहिमेत त्यांनी वाहतुकीची विमानं चालवली होती आणि त्यासाठी त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला होता. दोन हजारांहून जास्त तासांचं उड्डाण त्यांच्या खाती जमा होतं. मात्र त्यातला मोठा भाग मालवाहू विमानांवरचा होता, मस्टँगवरचे तास शंभरही नव्हते. मालवाहू विमान सहसा ज्या उंचीवर उडतं तिथे ऑक्सिजनचा प्रश्न फारसा येत नाही. हा फरक कागदावर बारीक दिसतो, पण मला तो या प्रकरणात महत्त्वाचा वाटतो.

पंधरा हजार फुटांवर मँटेलनी टॉवरला कळवलं की वस्तू समोर आणि वर दिसतेय. तिच्या वेगाबद्दल त्यांचा अंदाज होता, आपल्या वेगाच्या निम्मा. ती धातूची असावी किंवा धातूवरून ऊन परावर्तित होत असावं, आणि ती प्रचंड आहे, असा त्यांच्या निरोपाचा आशय टॉवरमधल्यांनी नंतर सांगितला. हे संभाषण ध्वनिमुद्रित झालेलं नाही. जे आहे ते ऐकणाऱ्यांच्या आठवणीतून लिहिलेलं आहे आणि त्यात शब्दांचा फरक आहे. पुढे वर्तमानपत्रांतून आणि पुस्तकांतून मँटेलच्या तोंडी जी रंगीत वाक्यं घातली गेली, ती मूळ जबान्यांत सापडत नाहीत.

बावीस हजार पाचशे फुटांवर दोन्ही साथीदार वैमानिक परत फिरले. दोघांपैकी एकाकडेच ऑक्सिजनचा मुखवटा होता. मँटेलकडे नव्हता. हे उड्डाण कमी उंचीवरून विमानं एका तळावरून दुसऱ्या तळावर नेण्यासाठी होतं, त्यामुळे ऑक्सिजनची तयारी करूनच निघावं असं कुणाला वाटलं नव्हतं. पंचवीस हजार फुटांवर जाऊन दहाएक मिनिटं बघतो आणि परततो, असं मँटेलनी साथीदारांना सांगितलं होतं. सव्वातीननंतर त्यांच्याकडून काही ऐकू आलं नाही. फ्रँकलिन गावाजवळच्या एका शेतात, गॉडमनपासून सुमारे १४० किलोमीटर दक्षिणेला, विमानाचे अवशेष मिळाले. मनगटावरचं घड्याळ ३ वाजून १८ मिनिटांवर थांबलं होतं.

पहिला प्रश्न : विमान का पडलं?

याचं उत्तर अपघाताच्या तपासात लवकर मिळालं आणि ते आजही टिकून आहे.

समुद्रसपाटीवर आपण श्वास घेतो तेव्हा हवेचा जो दाब असतो, तो अठरा हजार फुटांवर निम्मा होतो. पंचवीस हजारांवर तो साधारण ३७ टक्केच उरतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेच असतं, पण रक्तात शिरायला लागणारा दाब उरत नाही. मुखवट्याशिवाय बसलेल्या माणसाला बावीस हजार फुटांवर काम करण्याजोगी शुद्ध पाच ते दहा मिनिटं राहते. पंचवीस हजारांवर तीन ते पाच आणि तीस हजारांवर एक-दोन मिनिटं. त्या काळच्या नियमानुसार चौदा हजार फुटांच्या वर ऑक्सिजनशिवाय जायचं नव्हतं.

ऑक्सिजन कमी पडला की गुदमरल्यासारखं होतं, असा समज आहे. तसं होत नाही. कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतच असतो, त्यामुळे छाती घट्ट होत नाही, धोक्याची घंटा वाजत नाही. उलट अनेकांना छान वाटू लागतं, आत्मविश्वास वाढतो, नजर समोरच्या एका गोष्टीवर खिळते. कमी दाबाच्या कक्षात वैमानिकांना बसवून साध्या बेरजा करायला सांगतात, तेव्हा उत्तरं चुकत असताना त्यांना आपण उत्तम करतोय असं वाटत असतं. सगळ्यात आधी जाते ती आपलं काहीतरी बिघडतंय हे ओळखण्याची शक्ती. मँटेल हट्टाने वर गेले असं अनेकांनी लिहिलंय. मला ते अन्यायाचं वाटतं. पंधरा हजार फुटांवर घेतलेला निर्णय त्यांचा होता, पण पंचवीस हजारांवर निर्णय घेणारा मेंदू तोच राहिला नव्हता.

पुढचा क्रम तपासकर्त्यांनी अवशेषांवरून जुळवला. विमान चढत राहण्याच्या बेताने ट्रिम केलेलं होतं, म्हणजे त्याची नियंत्रणं तशी बसवून ठेवलेली होती, म्हणून वैमानिक बेशुद्ध झाल्यावरही ते चढत राहिलं. तीस हजार फुटांच्या आसपास ते सपाट झालं, इंजिनाच्या पिळामुळे हळूहळू डावीकडे कललं, मग भोवऱ्यासारखं फिरत खाली निघालं. वेग मर्यादेबाहेर गेला आणि वीस ते दहा हजार फुटांच्या दरम्यान हवेतच त्याचे तुकडे झाले. कॉकपिटच्या काचेची कडी बंदच होती, म्हणजे उडी मारायचा प्रयत्नही झाला नव्हता. शुद्धीवर असलेल्या वैमानिकाने तो केला असता.

यात कुठेही हल्ल्याची गरज पडत नाही. तरीही पुढची कित्येक वर्षं अफवा फिरल्या की अवशेष किरणोत्सारी होते, शरीरावर विचित्र जखमा होत्या, विमान कुठल्याशा किरणांनी पाडलं. लोकांना या सरळ कारणावर विश्वास का ठेवता आला नाही, याचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाच्या हाताळणीत आहे.

दुसरा प्रश्न : वर काय होतं?

त्या वेळचं वातावरण थोडं सांगायला हवं. २४ जून १९४७ ला केनेथ आर्नोल्ड या खासगी वैमानिकाने माउंट रेनियरजवळ नऊ चमकत्या वस्तू ओळीने जाताना पाहिल्याचं सांगितलं आणि ‘उडती तबकडी’ हा शब्द घराघरात पोचला. वर्षअखेरीस हवाई दलाने या खबरांच्या तपासासाठी प्रकल्प मंजूर केला. ओहायोतल्या राइट फील्डवरचा हा ‘प्रोजेक्ट साइन’ सुरू झाला जानेवारी १९४८ च्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. म्हणजे मँटेल गेले तेव्हा तो कागदावर होता, प्रत्यक्षात नव्हता. टेबलावर येऊन पडलेल्या पहिल्या मोठ्या प्रकरणांपैकी हे एक, आणि त्यात माणूस गेलेला. अनुभव शून्य आणि दबाव मोठा.

ओहायो स्टेट विद्यापीठातले खगोलशास्त्रज्ञ जे. अॅलन हायनेक यांना सल्लागार म्हणून घेतलं होतं. त्यांनी त्या दुपारी शुक्र कुठे होता ते काढलं. त्याचे दिगंश आणि उन्नतांश, म्हणजे दिशा आणि क्षितिजापासूनची कोनातली उंची, गॉडमनच्या वर्णनाशी बरेच जुळत होते. त्यात त्याच संध्याकाळी ओहायोतल्या लॉकबर्न तळावरून नैर्ऋत्येला क्षितिजाजवळ तेजस्वी वस्तू दिसल्याची खबर आली होती. ती वस्तू बहुधा मावळता शुक्रच होती. दुपारची आणि संध्याकाळची खबर एकाच गठ्ठ्यात बांधली गेली आणि शुक्राचं पारडं जड झालं. १९४९ पर्यंत शुक्राचं स्पष्टीकरण लोकांपर्यंत पोचलं होतं.

पण शुक्र दिवसा दिसतो तो कसा? नेमकी जागा माहीत असेल, आकाश स्वच्छ निळं असेल, तर टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका. कोन नव्हे, छत्री नव्हे, चंद्राच्या पाव भागाएवढं काही तर नव्हेच. त्या दुपारी तर हवेत धुरकटपणा होता. शिवाय शुक्राची जागा जुळली म्हणजे दुसरं काही त्या दिशेला नव्हतं असं होत नाही. हायनेक यांनी पुढे हे स्पष्टीकरण सोडून दिलं. सोडण्याइतका प्रामाणिकपणा त्यांच्यात होता, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं.

नुकसान मात्र झालं होतं. अनुभवी लढाऊ वैमानिक शुक्राच्या मागे लागून मेला, हे कुणाला पटेना. सरकार काहीतरी झाकतंय असं वाटू लागलं. मग ऑक्सिजनचं कारणही त्याच संशयात ओढलं गेलं. एका प्रश्नाच्या कच्च्या उत्तराने दुसऱ्या प्रश्नाचं पक्कं उत्तर खराब केलं.

रपेल्ट यांची फेरतपासणी

१९५१ च्या अखेरीस या कामाची सूत्रं कॅप्टन एडवर्ड रपेल्ट यांच्याकडे आली. १९५२ च्या मार्चपासून प्रकल्पाचं नाव झालं ‘ब्लू बुक’. रपेल्ट यांनी मँटेलची फाइल पुन्हा काढली. ती मायक्रोफिल्मवर होती आणि मूळ कागदांवर काहीतरी सांडल्यामुळे काही भाग वाचता येत नव्हता. त्यांनी प्रश्न वेगळ्या तऱ्हेने मांडला : गॉडमनच्या लोकांनी जे सांगितलं ते खरं मानलं, तर आकाशात अशी कोणती वस्तू असते? मोठी, चमकणारी, कोनाच्या आकाराची, तासभर एका जागी दिसणारी, खूप उंच असलेली.

उत्तर होतं ‘स्कायहूक’. अमेरिकी नौदलाच्या संशोधन कार्यालयाचा हा फुग्यांचा कार्यक्रम. वैश्विक किरणांच्या अभ्यासाची उपकरणं घेऊन हे फुगे लाखभर फुटांच्या घरात जात. पातळ पॉलिथिनचे, फुलल्यावर शंभर फुटांच्या आसपास व्यासाचे. पहिला फुगा २५ सप्टेंबर १९४७ ला मिनेसोटातल्या सेंट क्लाउडहून सोडला गेला, म्हणजे मँटेलच्या दुपारच्या साडेतीन महिनेच आधी. कार्यक्रम गुप्त होता. गॉडमनच्या टॉवरमध्ये उभ्या असलेल्या कुणीही असा फुगा पाहिलेला नव्हता, त्याची कल्पनाही त्यांना नव्हती. हवाई दलाचे तपासकर्तेही त्याच अंधारात होते. हवामान खात्याचे नेहमीचे छोटे फुगे त्यांनी तपासले होते आणि ते जुळत नाहीत म्हणून फुग्याची शक्यता बाजूला ठेवली होती.

आता वर्णन पुन्हा वाचू. असा फुगा जमिनीवरून निघताना अर्धवट भरलेला असतो, वर गेल्यावर फुगतो. खाली निमुळता होत उपकरणांच्या दोरांपर्यंत येतो. आइस्क्रीमचा कोन, उलटी छत्री, पॅराशूट, या तिन्ही उपमा त्याला लागू पडतात. उन्हात पॉलिथिन धातूसारखं चमकतं. दुर्बिणीतून बघताना तेजस्वी वस्तूच्या कडांना रंग येऊ शकतो. आणखी एक गोष्ट : मेझव्हिल आणि ओवेन्सबरो यांच्यात सुमारे तीनशे किलोमीटरचं अंतर आहे. दोन्हीकडून थोड्या वेळात खबरा आल्या म्हणून वस्तू भयंकर वेगाने धावली, असं तेव्हा गृहीत धरलं गेलं. साठ हजार फुटांवरची एकच मोठी वस्तू दोन्ही ठिकाणांहून एकाच वेळी दिसू शकते. मग धावायची गरजच उरत नाही.

मँटेलना वस्तू आपल्यापुढे सरकतेय असं का वाटलं, हेही यातून कळतं. निळ्या आकाशात मोजायला काही नसतं, ना झाड, ना डोंगर. डोळ्याला फक्त कोन कळतो. शंभर फुटांची वस्तू वीस किलोमीटरवर असो की दहा फुटांची दोन किलोमीटरवर, डोळ्याला दोन्ही सारख्याच. तुम्ही पंधरा हजारांवरून बावीस हजारांवर चढलात आणि ती तरीही तेवढीच वर दिसली, तर ती आपल्यापासून पळतेय असंच वाटणार. इथे वैमानिकाचं कौशल्य उपयोगी पडत नाही. उलट लढाऊ वैमानिकाला नेहमी काही मैलांवरच्या विमानांचा अंदाज घ्यायची सवय असते आणि त्याच सवयीने तो इथे फसतो.

आणि मग त्या नोंदी. नॅशव्हिलच्या वँडरबिल्ट विद्यापीठातून एका खगोलशास्त्रज्ञाने त्याच दिवशी साडेचार ते पावणेपाचच्या दरम्यान आग्नेय-दक्षिण दिशेला एक वस्तू दुर्बिणीतून पाहिली होती. नासपतीच्या आकाराचा फुगा, खाली दोर आणि टोपली. पाहणारे होते कार्ल सायफर्ट, ज्यांच्या नावाने आज दीर्घिकांचा एक प्रकार ओळखला जातो. केंटकीतल्या मॅडिसनव्हिलमधूनही एकाने दुर्बीण लावून फुगाच असल्याचं सांगितलं होतं. या दोन्ही खबरा जुन्या कागदांत होत्या. रपेल्ट यांनी त्या बाहेर काढून एकमेकींशेजारी ठेवल्या. १९४८ मध्ये कुणी तसं केलं असतं तर शुक्राचं नाव पुढे आलंच नसतं. मला या साऱ्या प्रकरणात सगळ्यात जास्त बोचते ती हीच गोष्ट. गुप्ततेचं कारण समजू शकतं, पण सायफर्ट यांचं निरीक्षण गुप्त नव्हतं.

जे जुळत नाही

रपेल्ट यांना त्या फुग्याच्या उड्डाणाचा कागद मिळाला नाही. ओहायोतल्या क्लिंटन काउंटी तळावरून तो सुटला असावा असा त्यांचा अंदाज होता, त्याला आधार मिळाला नाही. नंतरच्या अभ्यासकांनी मिनेसोटातल्या कॅम्प रिप्लीहून ६ जानेवारीच्या सकाळी सुटलेल्या फुग्याकडे बोट दाखवलं. तारीख जुळते आणि मिनेसोटाहून केंटकीकडे यायला एक दिवस-रात्र पुरेशी आहे. पण त्या फुग्याचा वाटेतला मागोवा तासातासाने उपलब्ध नाही, त्यामुळे हाच तो, असं शिक्कामोर्तब होत नाही.

आकाराचा हिशेबही पूर्ण बसत नाही. शंभर फुटांचा फुगा वीस किलोमीटर अंतरावरून साधारण पाच कलांचा दिसेल (कला म्हणजे एका अंशाचा साठावा भाग). पूर्ण चंद्र तीस कलांचा असतो, म्हणजे फुगा त्याच्या सहाव्या हिश्शाएवढा. हिक्स म्हणाले पाव. इथपर्यंत ठीक आहे, कारण तेजस्वी वस्तू आहे त्याहून मोठी वाटते. पण फुगा गॉडमनच्या डोक्यावर नव्हता, दक्षिणेला होता. मँटेल १४० किलोमीटर गेले तरी तो पुढेच होता. शंभर किलोमीटर अंतर धरलं तर आकार एका कलेवर येतो, आणि तेवढ्यात नुसत्या डोळ्यांना छत्री किंवा कोन ओळखता येणं कठीण. दुर्बिणीतून पाहिलेलं आणि नुसत्या डोळ्यांनी पाहिलेलं जबान्यांत मिसळलं असेल, वस्तू सुरुवातीला बरीच जवळ असेल, किंवा पाव चंद्र हा अंदाजच चुकला असेल. त्या दिवशी टॉवरमधून कुणी कोनमापक लावून दर पाच मिनिटांनी दिशा आणि उंची टिपली असती, आणि दुसऱ्या एखाद्या तळावर तेच झालं असतं, तर दोन रेषा छेदून फुग्याची उंची त्याच संध्याकाळी काढता आली असती. दीड तास सगळे बघत होते.

ही उणीव फक्त १९४८ ची नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये चिलीच्या नौदलाच्या हेलिकॉप्टरने अवरक्त कॅमेऱ्यात एक वस्तू टिपली. तिथल्या सरकारी समितीने दोन वर्षं तपास केला, उत्तर मिळालं नाही. जानेवारी २०१७ मध्ये चित्रफीत जाहीर झाली आणि हौशी अभ्यासकांनी काही दिवसांत विमानांच्या नोंदींशी ताडून दाखवलं की ते सँटियागोहून उडालेलं एक प्रवासी विमान होतं. तिथेही अंतराचा अंदाज चुकला होता, वस्तू वाटली त्यापेक्षा खूप लांब होती. फरक एवढाच की या वेळी ताडून पाहायला नोंद होती.

ब्लू बुक १७ डिसेंबर १९६९ ला बंद झाल्याचं जाहीर झालं. एकूण १२,६१८ खबरांपैकी ७०१ अनोळखी म्हणून शिल्लक राहिल्या. मँटेल त्या ७०१ मध्ये नाहीत. त्यांच्या नावापुढचा शेवटचा शेरा फुग्याचा आहे, स्कायहूकचा. तो शेरा मला योग्य वाटतो, फक्त त्याच्यामागे ‘बहुधा’ हा शब्द हवा. ऑक्सिजनच्या कारणामागे त्याची गरज नाही.